मिंबरावरची जबाबदारी: जुम्म्याच्या बयानातली भाषा कशी असावी

शुक्रवारी दुपारी पुण्यात कॅम्पात, भवानी पेठेत किंवा कोंढव्यात एखाद्या मशिदीत जाऊन बसलात, तर तासाभरात दोन भाषणं कानावर पडतात. पहिलं उर्दूत, बरेचदा दखनीकडे झुकलेल्या उर्दूत, वीस-पंचवीस मिनिटांचं. त्याला बयान किंवा तकरीर म्हणतात. दुसरं अरबीत, पाच-सात मिनिटांचं, मध्ये क्षणभर बसून दोन तुकड्यांत दिलेलं. तो खुतबा. त्यानंतर दोन रकात नमाज होते आणि माणसं चपला शोधत बाहेर पडतात.

खुतब्याचा साचा ठरलेला आहे: अल्लाहची स्तुती, प्रेषितांवर दरूद (त्यांच्यासाठी दुआ), अल्लाहचं भान ठेवून वागण्याचा उपदेश, कुरआनातली आयत आणि सगळ्यांसाठी दुआ. खतीबाला, म्हणजे खुतबा देणाऱ्याला, त्यात स्वतःचं घालायला फार जागा नसते. बयानाचं तसं नाही. विषय कोणता, शब्द कोणते, आवाज किती, उदाहरण कुणाचं, सगळं बोलणाऱ्याच्या हातात. म्हणून भाषेची नीती खरी पणाला लागते ती बयानात.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घेतली पाहिजे. जुम्म्याला येऊन बसलेला माणूस उलट बोलू शकत नाही. खुतबा चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणंसुद्धा वावगं आहे, अशी हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. बयानाला हा नियम तितक्या कडकपणे लागत नाही, पण अदब म्हणून तिथेही कुणी मध्ये तोंड उघडत नाही. सभेत हात वर करता येतो, वर्गात शंका विचारता येते, इथे ती सोय नाही. म्हणजे समोरचा गप्प. ज्यांच्याविषयी बोललं जातं ते बहुधा तिथे नसतातच, म्हणजे तेही गप्प. आणि ज्यांच्या नावाने बोललं जातं ते प्रेषित मुहम्मद (स.) ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे सांगायला येणार नाहीत. इस्लामी परंपरेने उपदेशकाच्या जिभेवर जे निर्बंध घातलेत, ते या तीन गप्प पक्षांच्या बाजूने घातलेले आहेत. एवढं धरून चाललं की एकेका नियमाचं कारण समजायला वेळ लागत नाही.

प्रेषितांच्या तोंडी काय घालावं

‘जो जाणूनबुजून माझ्या नावावर खोटं सांगेल, त्याने आपली जागा आगीत धरून ठेवावी.’ ही हदीस इतक्या सहाबांकडून, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांकडून, आली आहे की तिच्या खरेपणावर वाद नाही. जोडीला मुस्लिम संग्रहातली दुसरी एक: माणूस खोटा ठरायला एवढंच पुरे, की त्याने कानावर आलेलं सगळं पुढे सांगत सुटावं. पहिली हदीस खोटं रचणाऱ्यासाठी आहे, दुसरी न तपासता पुढे ढकलणाऱ्यासाठी. आज बयानात धोका दुसऱ्याचा जास्त. रचणारा कुठेतरी लांब बसलेला असतो; मिंबरावरचा, म्हणजे मशिदीतल्या उपदेशाच्या व्यासपीठावरचा, माणूस फोनवर आलेलं वाक्य चांगलं वाटलं म्हणून सांगून टाकतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एक उदाहरण जवळून बघू. १५ ऑगस्टच्या आसपास ठिकठिकाणच्या भाषणांत एक वाक्य हमखास येतं: ‘हुब्बुल वतन मिनल ईमान’, म्हणजे देशावरचं प्रेम हा ईमानचाच, श्रद्धेचाच, भाग आहे. अर्थ सुंदर आहे. पण हदीसच्या जाणकारांनी हे वाक्य मौजू, म्हणजे रचलेलं ठरवलं आहे. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ याचीही गत फारशी वेगळी नाही. अनेक मोठ्या मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांनी, ते निराधार म्हटलं आहे. मग देशप्रेमावर बोलायचंच नाही का? बोलायचं. त्यासाठी भक्कम आधार हाताशी आहे. मक्का सोडताना प्रेषितांनी त्या शहराकडे बघून म्हटलं होतं की तू किती चांगलं शहर आहेस, मला किती प्रिय आहेस, माझ्या लोकांनी मला बाहेर काढलं नसतं तर मी दुसरीकडे राहिलो नसतो. ही रिवायत, म्हणजे परंपरेने आलेली नोंद, तिरमिजी या हदीससंग्रहात आहे. जन्मगावाच्या ओढीबद्दल याहून जिवंत काय सांगणार? खरं वाक्य हाताशी असताना रचलेलं वापरणं हा नुसता आळस आहे, आणि तो प्रेषितांच्या नावावर खपवला जातो म्हणून जास्त गंभीर.

हदीस तपासायची रीत अवघड नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. आधी पूर्ण मजकूर मिळवायचा, अर्धा तुकडा नव्हे. मग ती कोणत्या संग्रहात आहे आणि कितव्या क्रमांकाला, हे बघायचं. ‘हदीसमध्ये येतं’ एवढ्यावर थांबायचं नाही. नंतर तिचा दर्जा: सहीह म्हणजे भक्कम, हसन म्हणजे चालण्याजोगी, जईफ म्हणजे कमजोर, मौजू म्हणजे रचलेली. बुखारी आणि मुस्लिम सोडून इतर संग्रहांतली हदीस असेल तर दर्जा कुणी दिला हेही नोंदवायचं, कारण जाणकारांत मतभेद असतात. दोन खुणा दिसल्या की थबकायचंच. एक, छोट्याशा कृतीला अचाट मोठं फळ किंवा लहानशा चुकीला भयंकर शिक्षा. रचलेल्या हदीसची ही खूण जुन्या जाणकारांनीच लिहून ठेवली आहे. दुसरी आपल्या काळातली: शेवटी ‘दहा जणांना पाठवा’.

इथे एक बारीक पण फार कामाची गोष्ट आहे. हदीसच्या शास्त्रात कमजोर रिवायत सांगण्याची क्रियापदंच वेगळी आहेत. भक्कम असेल तर ‘प्रेषित म्हणाले’ असं थेट सांगायचं. कमजोर असेल तर ‘असं सांगितलं जातं’, ‘अशी एक रिवायत येते’ असं कर्मणी वळण घ्यायचं. सत्कर्माची गोडी लावण्यासाठी कमजोर रिवायत सांगायला अनेक आलिमांनी, म्हणजे धर्माच्या विद्वानांनी, मुभा दिली, पण अटी घालून: कमजोरी फार नसावी, ती गोष्ट शरियतच्या एखाद्या मान्य तत्त्वात बसत असावी, आणि ऐकणाऱ्याने ती पक्की समजू नये. तिसरी अट पाळायचं साधन म्हणजे हे क्रियापद. मराठीत ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाले असं सांगतात’ यांत दोनच शब्दांचं अंतर आहे. बयानात ते अंतर गाळलं जातं, कारण ‘म्हणाले’ला जोर येतो. जोरासाठी खरेपणा कमी करायचा नाही, हा इथला धडा.

बाराव्या शतकात बगदादमध्ये इब्नुल जौजी नावाचे फार गाजलेले उपदेशक होऊन गेले. लोकांना रडवणं-हसवणं त्यांना उत्तम जमायचं. त्याच माणसाने रचलेल्या हदीस वेगळ्या काढून संग्रह केला आणि गोष्टीवेल्हाळ वाइजांच्या, म्हणजे उपदेशकांच्या, चुकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रंजक बोलणं आणि खरं बोलणं एकत्र नांदतं, याला याहून चांगला साक्षीदार नाही.

आणि माहीत नसेल तर? मदिनेचे इमाम मालिक, ज्यांच्या नावाने फिकहचा, म्हणजे धर्मकायद्याचा, एक मजहब (पंथ) चालतो, लांबून आलेल्या माणसाच्या बऱ्याच प्रश्नांना ‘ला अदरी’, मला ठाऊक नाही, एवढंच उत्तर देत. पुण्यात बयानानंतर कुणी वारसाहक्काचा किंवा तलाकचा गुंतागुंतीचा प्रश्न विचारला तर ‘मुफ्तीसाहेबांना विचारून सांगतो’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याने इमामांची किंमत कमी होत नाही.

शेवटच्या सफेतला मुलगा

आता समोर बसलेल्यांकडे वळू. बयान उर्दूत का आणि खुतबा अरबीत का, हा प्रश्न मुळात त्यांच्यासाठीच सोडवला गेला. हनफी मजहबाचे इमाम अबू हनीफा यांनी खुतबा दुसऱ्या भाषेत द्यायला परवानगी दिली होती. त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांनी, अरबी येत असेल तर अरबीच, असं म्हटलं. शाफई मजहबात, जो आपल्याकडे कोकणी मुसलमान पाळतात, खुतब्याचे मूळ घटक अरबीत असणं गरजेचं मानतात. मग लोकांना समजणार कसं? म्हणून खुतब्याआधी लोकांच्या भाषेत बयान. कुरआनातच म्हटलंय (१४:४, म्हणजे अध्याय १४, आयत ४) की प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत बोलणारा पाठवला, कारण त्याने उलगडून सांगावं.

पण पुण्यात ‘लोकांची भाषा’ म्हणजे कोणती? पहिल्या सफेत, म्हणजे नमाजाच्या रांगेत, उर्दू माध्यमात शिकलेले बुजुर्ग असतात. शेवटच्या सफेत, चपलांच्या रॅकजवळ, मराठी माध्यमात दहावी झालेला गॅरेजमधला मुलगा, शिरूर-जुन्नरकडून कामाला आलेला मुलाणी कुटुंबातला तरुण, इंग्रजी शाळेतली पोरं. घरात दखनी, बाहेर मराठी. सिनेमातलं उर्दू त्यांना कळतं. ‘तजकिया-ए-नफ्स’, ‘इनाबत’, ‘इस्तिकामत’ हे कळत नाही, आणि कळत नाही असं सांगायची सोय नाही. चौथे खलिफा हजरत अलींचं म्हणणं बुखारीत नोंदलेलं आहे: लोकांना समजेल ते सांगा, अल्लाह आणि त्याच्या रसूलला लोकांनी खोटं ठरवावं असं तुम्हाला वाटतं का? म्हणजे न कळलेलं बोलणं नुसतं वाया जात नाही, ते उलटं उगवतं.

उपाय सोपा आहे. गुरुवारी संध्याकाळी बयानाचा कागद मराठी माध्यमातल्या नववी-दहावीच्या एका मुलाला वाचून दाखवायचा आणि त्याला म्हणायचं, ‘आता तू मला सांग, मी काय सांगितलं.’ तो जिथे अडखळेल किंवा भलतंच सांगेल, तिथे खूण करायची. पहिल्या वेळी कागदभर खुणा होतात. दोन महिन्यांत त्या चार-पाचवर येतात.

शब्द बदलताना मात्र नुसता मराठी प्रतिशब्द ठेवून भागत नाही, कारण मराठी शब्दाला स्वतःचा वास असतो. ‘रोजा’ला उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि फळं डोळ्यांपुढे येतात; रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. ‘जकात’ची गंमत तर मराठीतच आहे. पुण्यात २०१३ पर्यंत शहराच्या वेशीवर जकात नाके होते, ट्रकांच्या रांगा लागायच्या. चाळिशीच्या पुढच्या पुणेकराला जकात म्हणजे पालिकेचा कर. म्हणून मराठीत बोलताना एका वाक्यात फोड करावीच लागते: वर्षभर शिल्लक राहिलेली संपत्ती ठरावीक मर्यादेच्या वर असेल, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किंवा ८७.४८ ग्रॅम सोन्याच्या हिशेबाने, तर तिचा चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के, गरजूचा हक्क म्हणून द्यायचा. ‘दान’ म्हटलं तर देणारा मोठा होतो. ‘हक्क’ म्हटलं तर घेणाऱ्याची मान ताठ राहते. हा फरक शब्दाचा आहे आणि नीतीचाही.

सगळ्यात जास्त नुकसान झालंय ते ‘तकवा’चं. त्याचं भाषांतर सर्रास ‘अल्लाहची भीती’ असं होतं, आणि मुलांच्या मनात हातात छडी घेतलेला देव उभा राहतो. तफसीरच्या, म्हणजे कुरआनवरच्या भाष्याच्या, ग्रंथांत याची एक जुनी उकल सापडते. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी सहाबी उबै बिन काब यांना तकवा म्हणजे काय असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, ‘काटेरी वाटेने कधी गेलात का? तेव्हा काय केलंत?’ ‘कपडे आवरले आणि जपून चाललो.’ ‘तोच तकवा.’ बाभळीच्या बांधावरून लुंगी सावरत गेलेल्या कुणालाही हे भाषांतराशिवाय कळतं. तकवा म्हणजे जपून चालणं.

मराठीची एक देणगी उर्दूत नाही. उर्दूचा ‘हम’ ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘तुम्ही लोक खोटं बोलता’ म्हटलं की माणूस कान बंद करतो. ‘आपण खोटं बोलतो’ म्हटलं की बोलणाराही त्याच सफेत येऊन बसतो. शेजारच्या सोसायटीबद्दल बोलताना ‘आपण पुणेकर’ म्हणायचं की ‘आम्ही आणि ते’, हे एका सर्वनामात ठरतं. कुरआनात याचा कमालीचा नाजूक नमुना आहे (३४:२५). विरोधकांना असं सांगा, असा प्रेषितांना हुकूम आहे, की आम्ही केलेल्या गुन्ह्यांबद्दल तुम्हाला विचारलं जाणार नाही, आणि तुम्ही जे करता त्याबद्दल आम्हाला. स्वतःच्या बाजूला ‘गुन्हा’ हा शब्द, समोरच्याच्या बाजूला नुसतं ‘करता’. कठोर शब्द आपल्याकडे ठेवून मऊ शब्द दुसऱ्याला दिला.

संबोधनाचंही तसंच. हजरत इब्राहीम मूर्तिपूजक वडिलांना समजावतात तेव्हा (१९:४२ ते ४५) प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘या अबति’ म्हणतात, चार वेळा. मराठीत ते ‘अहो बाबा’ होईल. ‘अरे बापा’ कधीच नाही. वडील दगडांनी मारायची धमकी देतात, तरी उत्तर येतं, ‘तुम्हाला सलाम.’ मूसा आणि हारून यांना फिरऔनकडे, म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात जुलमी राजाकडे, पाठवताना हुकूम होता (२०:४४) की त्याच्याशी मऊ बोला. आपल्या समोर बसलेला मुलगा फिरऔनपेक्षा वाईट नाही आणि बोलणारा मूसांपेक्षा मोठा नाही. तरी ‘बेनमाजी’, ‘बेशरम’ असे शब्द मिंबरावरून फेकले जातात तेव्हा मन दुखतं. त्या मुलाने निदान शुक्रवारी यायचं ठरवलेलं असतं. पुढच्या शुक्रवारी तो येत नाही, आणि का आला नाही हे कुणी विचारत नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. सहाबी अम्मार बिन यासिर यांच्याकडून आलेली हदीस: नमाज लांब आणि खुतबा छोटा, ही माणसाच्या समजुतीची खूण. दुसरे सहाबी इब्ने मसऊद फक्त गुरुवारी उपदेश करत. रोज करा म्हटल्यावर म्हणाले, तुम्हाला कंटाळा येईल याची मला काळजी वाटते. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या सावकाश गतीने वीस मिनिटांत दोन-अडीच हजार शब्द होतात. त्यात एक आयत, एक किंवा दोन हदीस आणि घरी जाऊन करायचं एक काम, एवढंच नीट मावतं. चौथा विषय घातला की पहिला सांडतो. समोर लंच ब्रेक काढून आलेला माणूस आहे, त्याला अडीचला टेबलावर परत जायचंय. बयान लांबलं की तो खुतबाही घड्याळाकडे बघत ऐकतो.

जे समोर नाहीत त्यांच्याविषयी

गीबतची व्याख्या प्रेषितांनी स्वतः केली आहे: आपल्या भावाविषयी असं बोलणं, जे त्याला आवडणार नाही. कुणी विचारलं, ‘ते त्याच्यात खरंच असेल तर?’ उत्तर: ‘असेल तरच ती गीबत, नसेल तर तो बोहतान’, म्हणजे आळ. ‘खरं तेच बोललो’ हा बचाव इथे चालत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. कुरआनाने (४९:१२) गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली, कारण मेलेला उठून प्रतिकार करू शकत नाही. गैरहजर माणूसही तसाच.

चूक दाखवायची तर नाव न घेता. बरीरा नावाच्या गुलाम स्त्रीला प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा विकत घेऊन मुक्त करणार होत्या, तेव्हा तिच्या मालकांनी चुकीची अट घातली. प्रेषित मिंबरावर उभे राहिले आणि म्हणाले, ‘लोकांना झालंय काय, अल्लाहच्या ग्रंथात नसलेल्या अटी घालतात?’ ज्यांनी अट घातली त्यांना कळलं, बाकीच्यांना नियम कळला, नाव कुणाचंच घेतलं नाही. मात्र पुण्यात नाव न घेताही माणूस ओळखू येतो हे ध्यानात ठेवावं. ‘आपल्या गल्लीतले एक नुकतेच दुबईहून आलेले गृहस्थ’ म्हटल्यावर उरलं काय?

एक कच्चं वाक्य घेऊ: ‘आजकालच्या पोरी मोबाइलने बिघडल्यात, परवा शेजारच्या सोसायटीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.’ यात किती गोष्टी चुकल्या? ज्यांच्याविषयी बोललं, त्या पोरी खोलीत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत बायकांना जागाच नसते. २०१९ मध्ये याच मागणीसाठी पुण्यातलं एक दांपत्य सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पुढे, एका घराकडे बोट गेलं. ऐकीव गोष्ट पडताळली नाही, जे कुरआनातल्या ४९:६ च्या सरळ विरुद्ध आहे. ‘आजकालच्या पोरी’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधलं. आणि ऐकणाऱ्या बापाला करायला काहीच सांगितलं नाही. तो फक्त संशय घेऊन घरी गेला. आता तेच असं बोलून बघा: ‘फोनवर आपण काय बघतो त्याचा हिशेब आपल्याला द्यायचाय, बापालाही आणि पोरांनाही. आज रात्री जेवताना घरातले सगळे फोन अर्धा तास बाजूला ठेवू, आणि पहिला फोन बापाने ठेवावा.’ तेरा शब्द वाढले, एवढंच.

नाव घ्यावंच लागतं असे प्रसंग तेराव्या शतकातले आलिम इमाम नववी यांनी सहा सांगितले आहेत. त्यांत जुलमाविरुद्ध दाद मागणं आणि लोकांना धोक्यापासून सावध करणं येतं. कुणी मशिदीच्या नावाने खोट्या पावत्या फाडत असेल तर सावध करावंच लागेल. पण ते काम कमिटीने कागद तपासून, ट्रस्टींच्या सहीने सूचनाफलकावर करावं. रागाच्या भरात मिंबरावरून नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त घसरतं ती जागा: दुसऱ्या मसलकाचे, म्हणजे इस्लाममधल्याच दुसऱ्या विचारधारेचे, आणि दुसऱ्या धर्माचे लोक. बरेलवी, देवबंदी, अहले हदीस यांचे मतभेद खरे आहेत आणि त्यांवर अभ्यासाने बोलता येतं. पण बुखारी आणि मुस्लिममधली हदीस आहे की कुणी आपल्या भावाला काफिर म्हटलं तर तो शब्द दोघांपैकी एकावर जाऊन बसतोच. इतकी भारी किंमत असलेला शब्द तोंडात घोळवायचा नसतो. ४९:११ ने टोपणनावंही मना केली आहेत. एकमेकांच्या जमातींना दिलेली सगळी चिडवण्याची नावं त्यात येतात.

इतर धर्मीयांबद्दलचा हुकूम ६:१०८ मध्ये आहे: अल्लाहला सोडून ते ज्यांना हाक मारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर ते अज्ञानाने अल्लाहला देतील. कारणासकट दिलेला नियम आहे हा. आपल्या शब्दाने दुसऱ्याच्या तोंडून जे निघेल, त्याची जबाबदारीसुद्धा आपली. ‘काफिर’ या शब्दाचा धातू ‘झाकणं’ असा आहे. कुरआनात एके ठिकाणी (५७:२०) तो बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यासाठीही आलाय. पण बाजारात त्याची शिवी झाली आहे आणि शब्दकोश दाखवून ती पुसली जात नाही. इंडोनेशियातल्या नहदतुल उलमा या प्रचंड मोठ्या संघटनेने २०१९ च्या परिषदेत, देशातल्या गैरमुस्लिम नागरिकांना काफिर न म्हणता नागरिक म्हणावं, असं सुचवलं. आपल्या उर्दूत ‘बिरादराने वतन’ हा सुंदर शब्द आहेच, मराठीत ‘आपले शेजारी’.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ प्रमाणे धर्माच्या आधारावर वैर पसरवणाऱ्या बोलण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तेच प्रार्थनास्थळात घडलं तर पाच वर्षांपर्यंत. आवाजासाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि खुल्यावर भोंगा रात्री १० ते सकाळी ६ बंद. पण कायद्याच्या आधीही कुरआन आहेच (३१:१९): आवाज खाली ठेव. बयान आत बसलेल्यांसाठी असतं. आतले छोटे स्पीकर पुरतात. भिंतीपलीकडे कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, त्यांना आपण विचारलेलं नसतं.

फोनमुळे गैरहजर ऐकणारेही वाढलेत. बयानाचं चित्रण होतं आणि त्यातली तीस सेकंदं कापून फिरतात. म्हणून अट आणि विधान एकाच वाक्यात ठेवावं, अट आधी. ‘लढा असा हुकूम आहे... पण कधी, ते पुढे सांगतो’ या बोलण्याचा पहिलाच तुकडा फिरणार. दुसऱ्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत, आवाज बदलून वाचून दाखवू नये; कापल्यावर तो आपलाच वाटतो. ‘काही लोकांचा आक्षेप असा आहे की’ हे शब्द प्रत्येक वेळी, त्याच वाक्यात.

निकाहला गेलेल्या प्रत्येकाने एक आयत ऐकलेली असते, बहुतेकांना अर्थ माहीत नसताना. निकाहच्या खुतब्यात ३३:७० वाचतात: ‘ईमानवाल्यांनो, अल्लाहचं भान ठेवा आणि कौलन सदीदा बोला.’ सदीद म्हणजे सरळ, नेमका, बाण वर्तुळात लागावा तसा. नवरा-नवरीला ती ऐकवली जाते, पण वाचणाऱ्यालाही ती तेवढीच लागू आहे. काझीसाहेबांनी तिथेच दोन मिनिटं तिचा मराठीत अर्थ सांगितला तर जेवणाची घाई असलेले पाहुणेही थांबून ऐकतात.

चूक झाली तर

एवढं जपूनही चूक होते. ऐकणाऱ्याने त्याच वेळी उठून वाद घालू नये, आणि सोशल मीडियावर तर मुळीच टाकू नये. नमाजनंतरची सुन्नत (जोडीची नमाज) होईपर्यंत थांबावं, इमामसाहेबांना बाजूला गाठावं आणि सलाम करून विचारावं: ‘हजरत, ती हदीस कुठे मिळेल?’ प्रश्नाच्या रूपात सांगितलं की समोरच्याला मागे येता येतं.

इमामांनी मात्र सुधारणा बाजूला करून भागत नाही, कारण चूक शंभर-दोनशे जणांपुढे झालेली असते. खलिफा झाल्यावर हजरत अबू बक्र पहिल्याच भाषणात म्हणाले होते, मी नीट वागलो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. त्या परंपरेत चूक कबूल करण्याची जागा ठरलेली आहे: तोच मिंबर, पुढचा जुम्मा, बयानाच्या सुरुवातीला. आडून नाही, हसत नाही, ‘काहींचा गैरसमज झाला’ असंही नाही. शब्द साधारण असे: ‘मागच्या जुम्म्याला मी एक वाक्य हदीस म्हणून सांगितलं. शोधल्यावर ती हदीस नाही असं कळलं. चूक माझी होती. तुम्ही ते घरी कुणाला सांगितलं असेल, तर हेही सांगा.’ नंतर आजचा विषय सुरू करायचा.